घोडीवरून कळणारे कूळ




रुद्रवीणा आणि सतार या एकाच कुळातील मानाव्यात की नाही, ही आपल्या पत्रातील शंका वाद्यवर्गीकरणाच्या मुळाशी जाणारी असल्यामुळे तिचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार भेद सांगितले असून तारेची सर्व वाद्ये त्यांपैकी तत या भेदात येतात. बोटांनी छेडावयाची सात तंत्रींची चित्रा आणि कोणाने, म्हणजे छेडण्याच्या साधनाने, वाजवावयाची नऊ तंत्रींची विपंची यांतला फरकही त्या ग्रंथाने नोंदवला आहे.

युरोपात हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोघांनी 1914 साली जे वर्गीकरण मांडले, त्याची कसोटी निराळी आहे. वाजवण्याची रीत ते दुय्यम मानतात. तारेचा ताण कोणता भाग पेलतो आणि ध्वनिपेटी त्या भागाशी कशी जोडलेली आहे, हे आधी पाहतात. ध्वनिपेटी वेगळी काढली तरी तारा ताणलेल्या राहत असतील तर ते वाद्य झिदर वर्गातले, मान व पेटी मिळून तारा पेलत असतील आणि तारा पेटीच्या पृष्ठाला समांतर धावत असतील तर ल्यूट वर्गातले, आणि तारांचे प्रतल पेटीला काटकोनात असेल तर ते हार्प ठरते. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर राजाच्या मांडीवर दिसणारी वीणा या शेवटच्या वर्गातली असून तो प्रकार भारतातून पुढे जवळजवळ लोपला, तरी म्यानमारच्या साँग या वाद्यात तो अजून टिकून आहे.

या कसोटीनुसार रुद्रवीणा झिदर वर्गात जाते, कारण तिच्या तारा पोकळ दांडीवर ताणलेल्या असतात आणि दोन्ही भोपळे त्या दांडीखाली केवळ जोडलेले असतात. सतार, तंबोरा, सरस्वती वीणा आणि सरोद मात्र ल्यूट वर्गात एकत्र येतात. गंमत अशी की गजाने वाजणारी सारंगीही त्याच वर्गात बसते, तर छेडले जाणारे स्वरमंडळ आणि काड्यांनी वाजणारे संतूर ही दोन्ही झिदर ठरतात. रचनेच्या दृष्टीने यात काही चूक नाही. परंतु रुद्रवीणा आणि सतार एकामागून एक ऐकणाऱ्या कानाला ही वाटणी पटत नाही, आणि येथे कानाची बाजू अधिक बळकट आहे.

याचे कारण घोडीत सापडते. तारा ज्यावरून जातात तो आधार म्हणजे घोडी; रुद्रवीणा, सतार व तंबोरा यांची घोडी रुंद असून तिचा माथा अगदी किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर पुन्हापुन्हा टेकते व सुटते, त्यामुळे तिची कंप पावणारी लांबी क्षणोक्षणी बदलत राहते आणि मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर ठळक होतात; या गुणालाच जवारी म्हणतात. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, असतो ते उपस्वर उमटू नयेत, हा नियम वीणा व तंबोरा पाळत नाहीत, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 च्या निबंधात दाखवले होते. सरोदची मुख्य घोडी याउलट अरुंद असून ती अफगाणी रबाबाप्रमाणे ताणलेल्या चामड्यावर उभी असते, म्हणून त्याचा नाद ठाशीव येतो व तुलनेने लवकर विरतो. (मैहर धाटणीच्या सरोदात काही तारांना स्वतंत्र जवारीची घोडी दिलेली असते, हा अपवादही बोलका आहे.)

घोडीचा हा विचार नवा नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या संगीतरत्नाकरात एकतंत्री वीणेच्या घोडीवरील धातूची पत्रिका आणि तंत्री व पत्रिका यांच्यामध्ये बसवावयाची बांबूची जीवा यांचे वर्णन आहे. तंबोऱ्याची जवारी खुलवण्यासाठी तारेखाली सरकवला जाणारा सुती दोरा त्या जीवेचेच काम करतो, यावरून एकतंत्रीचा खरा वारसा दांडीच्या घडणीपेक्षा घोडीवरच्या या योजनेतून चालत आला असे म्हणावे लागते. सबब रुद्रवीणा, सतार आणि तंबोरा ही एका कुळातली, आणि सरोद रबाबाच्या कुळातला, हाच निर्वाळा भारतीय संगीतापुरता ग्राह्य धरावा.

घोडीचे हे काम मिरजेत प्रत्यक्ष पाहता येते; तेथील सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिकडे जाणे झाल्यास सतारमेकर गल्लीत कारागीर कानशीने घोडी घासत, मधूनमधून तार छेडून जवारी कशी काढतो, ते आपण अवश्य पाहावे आणि वरील निर्वाळ्याशी मतभेद असल्यास सविस्तर कळवावे.