एका कानाचे रसिक

रॉक संगीताचें नांव काढतांच पालकवर्गाच्या कपाळावर आठ्या पडतात, हें आम्ही जाणून आहों. आमच्या वडिलांच्याहि पडत. रोज सायंकाळीं पेटी काढून भजनें म्हणणाऱ्या त्या गृहस्थांस बीटल्स मंडळींचें गाणें म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या गारा वाटत. तेव्हां या पानांतून त्या संगीताची वकिली करण्याचा आमचा विचार नाहीं. तें आम्हांस प्रिय कसें झालें आणि एका कानास मुकल्यावर तें आम्ही कसें ऐकत आलों, एवढेंच सांगावयाचें आहे.

१९८४ सालच्या उन्हाळ्यांत, वयाच्या बाराव्या वर्षीं, आम्हांस गालगुंड झालें. गाल फुगले, ताप आला, मातुःश्रींनीं शेक दिला आणि आठ-दहा दिवसांत आम्ही उठून खेळूं लागलों. हा विकार क्वचित् कानाच्या आंतल्या भागास गांठतो, तोहि बहुधा एकाच कानास, आणि दुसरा कान शाबूत असल्यामुळें रोग्याच्या तें ध्यानांतहि येत नाहीं, हें ज्ञान आम्हांस पुढें झालें. त्या वेळीं एवढेंच घडलें कीं, वर्गांत आमच्या उजवीकडे बसणारा मित्र, "तूं हल्लीं शिष्ट झाला आहेस, हांक मारली तरी ओ देत नाहींस," असें म्हणून रुसला.

त्याच पावसाळ्यांत बोटीवर नोकरीस असलेले आमचे मामा विलायतेहून एक तबकडी व एक हेडफोन घेऊन आले. तबकडी बीटल्सची पहिली, 'प्लीज प्लीज मी'. लिव्हरपूलच्या चार तरुणांनीं तिच्यांतील चौदा गाण्यांपैकीं दहा गाणीं ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसांत, लंडनमधील ॲबी रोडच्या ध्वनिमुद्रणगृहांत म्हटलेलीं आहेत. जॉन लेननला त्या दिवशीं पडसें झालें होतें; म्हणून घसा फोडून म्हणावयाचें 'ट्विस्ट अँड शाउट' अगदीं शेवटीं ठेविलें. तो खरवडलेला आवाज ज्यानें एकदां ऐकला, त्याला निर्दोष गळे पुढें थोडे बेचव वाटूं लागतात. निदान आमचें तरी तसें झालें.

पण तें मागाहून. प्रथम आमचे दादा हेडफोन लावून बसले आणि बसल्या जागीं पाय नाचवूं लागले. मग आमची पाळी आली. गिटारी वाजल्या, ड्रम वाजले. परंतु गाणारे मात्र कोठें तरी लांबच्या खोलींत दार लावून गात आहेत असें वाटलें.

"दादा, यांत गाणें कोठें आहे?" आम्हीं विचारलें.

"अरे, एवढे ओरडताहेत, आणि तुला गाणें सांपडत नाहीं?" असें म्हणून दादांनीं हेडफोन उलटा करून आमच्या डोक्यावर चढविला. क्षणांत लेनन व मॅकार्टनी आमच्या कानाशीं येऊन गाऊं लागले आणि वाद्यें त्या लांबच्या खोलींत निघून गेलीं. दादांनीं हेडफोन पुनः सुलट केला, पुनः उलट केला. मग त्यांचें हसणें थांबलें. हेडफोन काढून घेऊन त्यांनीं आपलें मनगटी घड्याळ आमच्या उजव्या कानाशीं धरलें व टिकटिक ऐकूं येते काय असें विचारलें. घड्याळ बंद पडलें आहे, असें आम्हीं सांगितलें.

या प्रकारांत तबकडीचा कांहीं दोष नव्हता. १९६३ सालीं तेथें दोनच पदरांच्या फितीवर मुद्रण होई. एका पदरावर गळे, दुसऱ्यावर वाद्यें. पुढें दोन्ही पदर नीट जुळवून एकपदरी मोनो तबकडी काढतां यावी, हा त्यांतील हेतु. स्टीरिओ तबकडी काढतांना मात्र ते दोन पदर बहुतांशीं तसेच उजवीकडे व डावीकडे सोडून देण्यांत आले. गाणारे उजव्या कानांत, वाजविणारे डाव्या कानांत. सारेजण एकाच खोलींत गात-वाजवीत असल्यामुळें एकाचा आवाज दुसऱ्याच्या पदरावर थोडासा झिरपला, तीच आमची लांबची खोली. दोन कानांच्या माणसास या मांडणीची मौज वाटते. आमच्या घरीं तिनें वैद्याचें काम केलें.

मुंबईस नेऊन तपासणी झाली. हा कान आतां परत यावयाचा नाहीं, असें डॉक्टरांनीं शांतपणें सांगितलें. आगगाडींत वडील एक शब्द बोलले नाहींत. त्या रात्रीं त्यांनीं पेटी उघडली नाहीं. आणि त्या दिवसानंतर गारांविषयीं त्यांनीं पुनः तक्रार केली नाहीं, याचें आम्हांस तेव्हां सुख वाटलें, आज वाटत नाहीं.

शाळेंत आम्हीं ही गोष्ट लपविली. गायकवृंदांत आम्ही रांगेच्या अगदीं उजव्या टोकास उभे राहूं लागलों, म्हणजे सारे सोबती डाव्या बाजूस येत. कोणी पाठीमागून सायकलीची घंटी वाजविली कीं आम्ही हटकून भलत्याच बाजूस वळत असूं, कारण आवाज कोठून आला हें ठरविण्यास दोन कानांची साक्ष लागते. मुलें हसत, आम्हीहि हसत असूं.

कॉलेजांत असतांना कॅलिफोर्नियाच्या बीच बॉइज या मंडळीची 'पेट साउंड्स' ही तबकडी हातीं आली. १६ मे १९६६ रोजीं निघालेली ही तबकडी मोनोंत कां, याचा शोध घेतां घेतां आम्हांस कळलें कीं, तिचा कर्ता ब्रायन विल्सन लहानपणापासून उजव्या कानानें जवळजवळ बहिरा होता. उजव्याच! त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आपले भाऊ व सोबती जपानच्या दौऱ्यावर असतांना हा तेवीस वर्षांचा मुलगा हॉलिवुडमध्यें कसलेले वादक जमवून, आपल्या एका कानास जसें पटेल तसें, फ्रेंच हॉर्न, ॲकॉर्डियन, पाण्याचा रिकामा बुधला, इतकेंच काय पण सायकलीची घंटीसुद्धां एका जागीं बसवीत होता. जगांत एवढी एकच सायकल आहे, जिची घंटी कोणत्या बाजूस वाजली असा प्रश्न आम्हांस पडत नाहीं. शेवटच्या गाण्याअखेर आगगाडी जाते व त्याचे स्वतःचे कुत्रे भुंकतात. मॅकार्टनी या तबकडीवर इतका लुब्ध झाला कीं, बीटल्सच्या १९६७ सालच्या 'सार्जंट पेपर'वर तिची छाया पडली असें त्यानें स्वतः सांगितलेलें आहे. दोन कानांचा मनुष्य एका कानाच्या मनुष्याकडून शिकला, हें वाचून आम्हीं दादांस चार पानी पत्र लिहिलें.

बीटल्सच्या मोनो तबकड्यांचा संच सप्टेंबर २००९ मध्यें पुनः निघाला, तेव्हां आम्हीं तो पदरमोड करून घेतला. त्या काळीं ती मंडळी स्वतः बसून मोनोवरच मेहनत घेत, स्टीरिओचें काम मागाहून उरकलें जाई. म्हणून 'शी इज लीव्हिंग होम' मोनोंत थोडें जलद व चढ्या स्वरांत ऐकूं येतें, आणि आमच्या मतें तेंच खरें. मात्र आमचें कांहींच गेलें नाहीं असें म्हणणें खोटेपणाचें होईल. लेड झेपेलिनच्या 'होल लॉटा लव्ह'च्या मध्यभागीं आवाज या कानांतून त्या कानांत भोंवऱ्यासारखा फिरतो म्हणतात. आमच्याकडे तो येतो आणि नाहींसा होतो, इतकेंच.

११ जून २०२५ रोजीं ब्रायन विल्सन वारला. बातमी कळतांच दादा आमच्याकडे आले. ते आतां साठीस टेकले आहेत. 'पेट साउंड्स' संपूर्ण ऐकून झाली, तरी त्यांचा पाय निघेना. हल्लींच्या मोबाइलमध्यें दोन्ही पदर एकत्र करण्याची सोय असते. ती आम्ही नेहमीं चालू ठेवितों. त्या रात्रीं दादांनीं ती बंद करविली व 'प्लीज प्लीज मी' लावली. हेडफोनऐवजीं आतां कानांत घालावयाच्या दोन बारीक गोळ्या असतात. उजवी दादांनीं घेतली, डावी आम्हांस दिली आणि ते आमच्या उजवीकडे येऊन बसले. गिटारी व ड्रम आमच्याकडे वाजूं लागले. लांबच्या खोलींत कोणी तरी गात होतें. आम्ही मान वळवून दादांकडे पाहिलें. त्यांचे ओठ बरोबर त्याच शब्दांवर हालत होते.