सिन्नरला, आत्याकडे

नाशिकहून पुण्याच्या वाटेला लागले, की तीसेक किलोमीटरवर सिन्नर. मध्ये मोहदरीचा घाट लागतो. घाट म्हणायचे ते केवळ मान राखण्यासाठी. कसारा किंवा बोरघाट पाहिलेल्या माणसाला तो संपल्यावरच कळतो. बहुतेकांचे सिन्नर म्हणजे एस. टी.चा स्टँड, एक कप चहा आणि शिर्डीकडे वळणारा फाटा. २०२३ साली तालुक्यातून समृद्धी महामार्ग धावू लागला, तेव्हापासून घाईच्या माणसांना तेवढेही सिन्नर दिसत नाही.

गाव खरे मोठे नामांकित. यादव राजा सेउणचंद्राने वसवलेले सेउणपूर ते हेच, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. पुढे बाराव्या शतकात भिल्लम पाचव्याने देवगिरीला राजधानी थाटली आणि सिन्नर मागे पडले. राहिला तो गोंदेश्वर. मधोमध महादेव, चार कोपऱ्यांना विष्णू, सूर्य, गणपती आणि पार्वती, समोर नंदी. एवढे मोठे शैव पंचायतन इतक्या धड अवस्थेत आपल्याकडे क्वचितच पाहायला मिळते. ऊनपावसाने दगड मात्र झिजला आहे. कित्येक मूर्तींची नाकेडोळी पुसून गेली आहेत. पण नर्तकी कोणती नि द्वारपाल कोणता, हे उभे राहण्याच्या ढबीवरून अजून ओळखू येते.

असो. मी सिन्नरला जातो तो देवळासाठी नव्हे. माझी आत्या तिथे दिलेली आहे.

आत्याचे सिन्नर विड्यांचे. आता माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांनी गावाची कळा बदलली. पण एके काळी दुपारच्या वेळी गल्लीतून जावे, तर ओट्याओट्यावर बायका मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. पाने आदल्या रात्री भिजवायची, पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक नखाने दुमडायचे आणि दोऱ्याचा फास. हात चालू, तोंड चालू आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला. विडीचा कैवार मी घेत नाही. ओढणाऱ्याची छाती तर जातेच, वळणारीही त्या धुळीने खोकत राहते. पण आत्याने चाळीस वर्षे विड्या वळल्या आणि त्या मजुरीवर मुलाला, म्हणजे आमच्या दादाला, आय. टी. आय.पर्यंत पोचवले, हेही तितकेच खरे.

आत्या आज ब्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला स्मृतिभ्रंश झाला आहे.

पहिली दोन वर्षे घराला हे कळलेच नाही. भाजीत दोनदा मीठ पडले, तर वय झाले म्हणून सोडून दिले. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी हाताशी असते, की डॉक्टरकडे जायचे सुचतच नाही. मग आत्याची कात्री हरवू लागली आणि ती सुनेने चोरली असा बोभाटा गल्लीभर झाला. वहिनी रडल्या. पुढे एके दिवशी आत्या ताट वाढून नवऱ्याची वाट पाहत बसली. दादा म्हणाला, “आई, असं काय करतेस? बाबांना जाऊन बारा वर्षं झाली!”

आत्याने ते पहिल्यांदाच ऐकले. तिने कपाळ बडवून घेतले. तासाभराने कशासाठी रडत होती ते ती विसरली. रडे मात्र संध्याकाळपर्यंत पुरले. चार दिवसांनी पुन्हा ताट, पुन्हा दादाचा तो खुलासा आणि पुन्हा कोरे करकरीत वैधव्य. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली. अशा रुग्णांना त्यांनी चित्रपटांतले दुःखाचे नि आनंदाचे तुकडे दाखवले. थोड्या वेळाने तुकड्यांतले फारसे कोणाला आठवेना, पण मनात उठलेली भावना तशीच राहिली होती. सिन्नरच्या त्या घरात हा प्रयोग आठवड्यातून दोनदा होत होता.

पाहुण्यांची तऱ्हा आणखी वेगळी. जो येई तो खाटेसमोर उभा राहून विचारी, “ओळखलंत का? सांगा बरं मी कोण!” आत्या कसनुसे हसून पदर सावरी. या रोगाची पहिली नोंदच मुळी अशा प्रश्नोत्तरांची आहे. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात डॉक्टर अलॉइस अल्झायमर एका एक्कावन्न वर्षांच्या बाईसमोर वही घेऊन बसले. तुमचे नाव काय? नवऱ्याचे नाव काय? बाई दोन्हीकडे आपलेच नाव सांगत होती. पुढ्यात फ्लॉवर नि मांस होते. काय खाता म्हणून विचारले, तर म्हणाली पालक. १९०६ साली अल्झायमरनी हा रोग वैद्यांच्या सभेत मांडला. डॉक्टराला परीक्षा घेणे भागच होते. पाहुण्यांना ती कोणी सांगितली आहे?

घराचे दिवस पालटले ते एका तरुण बाईमुळे. दादाने तिला नाशिकहून आठ दिवसांसाठी बोलावले. मजा म्हणजे ती आत्याला सांभाळायला आलेली नव्हती. घराला शिकवायला आलेली होती. शेजाऱ्यांना याचे हसू आले. म्हातारीशी बोलायचे कसे हे पैसे देऊन शिकायचे? वहिनींनाही पहिल्या दिवशी अपमानच वाटला. तीस वर्षे सासूचे केले, आता ही काल आलेली मुलगी शिकवणार!

तिने सुरुवात दादापासून केली. त्याला खाटेवर बसवले, डोळे मिटायला सांगितले, आणि एक अक्षर न बोलता मागून येऊन त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या काढू लागली. दादा ताडकन उठला. ती शांतपणे म्हणाली, “आजींना रोज सकाळी आंघोळीला नेता ते असंच.” आंघोळीच्या वेळी आत्या मारते, ओरबाडते, अशी वहिनींची तक्रार होती. त्या दिवसापासून आंघोळीची रीत बदलली. समोरून जायचे, तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचे, आधी आपण कोण ते सांगायचे, मग कोमट पाण्याचा तांब्या तिच्याच हातात द्यायचा. पहिले पाणी तिने स्वतःच्या पायावर घालायचे.

बोलण्याचेही तसेच. एका वाक्यात एकच गोष्ट. विचारून झाले की गप्प राहायचे. मनात दहा आकडे मोजायचे. हे दहा आकडे फार कठीण, असे वहिनी म्हणतात. आपण तिसऱ्याच आकड्याला प्रश्न पुन्हा विचारतो आणि म्हातारीने गोळा करत आणलेले उत्तर सांडून टाकतो. ‘कोणतं लुगडं नेसता?’ असे विचारायचे नाही. दोन लुगडी पुढे धरायची. बोलताना टी. व्ही. बंद. ‘का?’ हा शब्द घरातून हद्दपार.

इंग्लंडात ब्रॅडफर्ड येथील टॉम किटवुड या अभ्यासकाने १९९७ सालच्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा लावून धरला होता. मेंदू झिजतो हे खरे, पण भोवतालची माणसे टोकून, हिणवून, नसल्यासारखे वागवून त्या माणसाला आणखी झिजवतात, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडची साक्ष पाहायची तर गोव्याची आहे. तिथे डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल प्रभृतींनी ८१ कुटुंबे घेऊन अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक भाषा बोलणाऱ्या साध्या कार्यकर्त्यांना थोडे शिक्षण देऊन निम्म्या घरांत सहा महिने पाठवले. रोग काय आहे ते सांगायचे, चिडण्या-भटकण्याला कसे सामोरे जायचे ते दाखवायचे, लागेल तिथे मानसोपचाराचा डॉक्टर. रुग्णांची स्मृती परत आली नाही. ती यायची नव्हतीच. सांभाळणाऱ्यांच्या मनाचा भार मात्र स्पष्ट हलका झाला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे सांभाळणारीच्या मनाची विचारपूस कोणी करतच नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीने साठीवरच्या अशा रुग्णांची संख्या सुमारे ८८ लाख धरली आहे. प्रत्येकामागे एक तरी वहिनी धरा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी गेलो तो हे सारे ऐकून. पाचच्या सुमारास आम्ही आत्याला घेऊन गोंदेश्वराला गेलो. हा तिचा रोजचा फेरा. दिवेलागण जवळ आली की ती अस्वस्थ होते, “मला घरी जायचंय” म्हणून दाराशी उभी राहते. ‘अहो, हेच तुमचं घर’ असे पूर्वी सगळे समजावत. तेवढी ती अधिक बिथरे. आता वहिनी चपला पुढे ठेवतात आणि म्हणतात, “चला.” देवळाला एक प्रदक्षिणा, नंदीजवळ दोन मिनिटे टेकायचे, आणि परत. येताना आत्या आपणच वळण ओळखून घरात शिरते. सगळ्याच संध्याकाळी असे होत नाही. काही वेळा ती वाटेतच बसकण मारते आणि मग रिक्षा बोलवावी लागते.

त्या दिवशी ती माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. माझा चेहरा वडिलांवर गेलेला. वडील जाऊन नऊ वर्षे झाली. नंदीच्या चौथऱ्याशी तिने माझा हात धरला नि म्हणाली, “दादा, न्यायला आलास? मला वाटलं, यंदा कोणी मुऱ्हाळीच येत नाही.”

मुऱ्हाळी! बहिणीला दिवाळीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. माझ्या घशाशी काही आले. मी वहिनींकडे पाहिले. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, खोटं बोलायचं नाही आणि खरं डोक्यात घालायचं नाही.”

या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. परदेशातही यावर वाद आहेत. भ्रमात सामील होणे म्हणजे फसवणूक, असे मानणारे आहेतच. मला वाटते, आत्याने मला माझे नाव विचारलेच नव्हते. माहेरचे कोणी आपली आठवण ठेवून आले आहे का, हे ती विचारत होती. आणि त्याचे खरे उत्तर माझ्यापाशी होते. मी म्हणालो, “तुला भेटायलाच आलो. माहेरची वाट कशी होती गं?”

मग ती बोलू लागली. बैलगाडी, नदीचा उतार, पुलाखाली ओले झालेले धोतर, आईने चुलीवर ठेवलेले उटण्याचे पाणी. वाक्ये तुटत होती, नावे सांडत होती. पण चेहऱ्यावर जे आले होते ते मी माझ्या वडिलांच्या हयातीत पाहिले होते, भाऊबीजेला ओवाळताना.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ अनेक वाचकांनी पाहिला असेल. त्यात स्मृती हरवलेल्या शास्त्रीबुवांना, म्हणजे मोहन आगाशे यांना, सर्वांत बरे सांभाळते ती हत्तीवाल्याची बायको, अमृता सुभाष. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही, भाषाही वेगळी. ती त्यांना लेकरासारखे जवळ घेते. उपजत शहाणपण ते हेच, म्हणून आपण डोळे पुसतो. पण आत्याच्या घरी पाहिल्यावर मला वाटू लागले, की उपजत शहाणपणावर सोडून देणे ही आपली सोयीची पळवाट आहे. विड्या वळणेसुद्धा कोणी उपजत करीत नाही. आत्याला ते तिच्या सासूने शेजारी बसवून शिकवले होते.

विड्यांचे सांगायचे राहिलेच. ती बाई जाताना म्हणाली होती, “हातांना काय येतं ते शोधा. हात उशिरा विसरतात.” वहिनींनी माळ्यावरचे सूप काढले. पाने आणली, तंबाखू नाही. आत पानाचाच चुरा. मी पाहिले तेव्हा आत्या भिंतीला टेकून वळत होती. आजचा वार तिला सांगता येत नाही. पण बोट आपसूक ओले होई, पान फिरे, टोक दुमडे, फास बसे. पंचवीसची जुडी कधी बाविसाची होते, कधी तिसाची; मोजायला कोणी बसत नाही. वळताना ती गुणगुणते आणि वहिनींशी बोलते. वहिनींना ती थोरली जाऊ समजते. वहिनींना त्याचे आता काही वाटत नाही. “कात्री चोरणारी सून होते, जाऊ झाले. बढतीच म्हणायची,” त्या मला चहा देताना म्हणाल्या.

हसल्या खऱ्या, पण डोळ्यांखाली काळे होते. रात्री दोनदा उठावे लागते. तीन वर्षांत त्या स्वतःच्या माहेरी, निफाडला, राहायला गेल्या नव्हत्या. त्या वर्षी प्रथमच दोन दिवस जायचे ठरले होते. गल्लीतल्या तिघीजणी, आत्याबरोबर ओट्यावर बसून विड्या वळलेल्या, पाळीपाळीने थांबणार होत्या. वहिनींनी त्यांना आठवडाभर संध्याकाळी बोलावून, त्या बाईने शिकवले तसे सारे करून दाखवले होते. दादाला पुन्हा एकदा खाटेवर बसावे लागले.

स्वयंपाकघराच्या दारावर दादाने मोठ्या अक्षरात एक कागद लावला होता. मी निघताना वाचला. सकाळची गोळी न्याहारीनंतर. आरशावर टॉवेल टाकलेला असू द्यावा. चहा बशीत. बाबांबद्दल विचारले तर ‘त्यांना काय आवडायचं?’ असे विचारावे. पाच वाजता चपला पुढे ठेवाव्यात. खाली पेन्सिलीने वहिनींनी आपले अक्षर जोडले होते: कात्री उजव्या हाताशी ठेवणे, नाहीतर शोधत बसतात.