खुर्ची आणि दप्तर

प्राध्यापक कुलगुरू झाला की विषयाला मुकला, असं मी नोकरीभर म्हणत आलो. स्टाफरूममध्ये म्हणालो, वर्गात म्हणालो, विद्यापीठाच्या बैठकीच्या चहाला तर हटकून म्हणालो. पुराव्याला एक नाव ठरलेलं असे : डॉ. आप्पासाहेब पवार. इतिहासाचा एवढा जाणता माणूस शिवाजी विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला आणि इमारती, परीक्षा, संलग्नता यांत बुडाला. आम्हा इतिहासवाल्यांना त्यांच्याकडून मराठेशाहीवरचा मोठा ग्रंथ हवा होता, मिळालं विद्यापीठ! हे वाक्य मी मोठ्या खुशीत टाकायचो आणि त्यावर हशा ठरलेला असे.

आता ते म्हणवत नाही.

निवृत्तीनंतर मोडी घोटायला बसलो. वाचनासाठी 'ताराबाईकालीन कागदपत्रे' हातात घेतली. नोकरीत ती तळटीपांपुरती वापरली होती, म्हणजे हवं ते पान उघडायचं, क्रमांक टिपायचा आणि मिटायचं. सलग वाचण्याचा प्रसंग आला नव्हता. पहिला खंड १९६९चा. संपादक आप्पासाहेब, प्रकाशक शिवाजी विद्यापीठ. साल वाचून थबकलो. म्हणजे हे काम त्यांनी कुलगुरुपदाच्या ऐन धबडग्यात केलं होतं.

कागदपत्रांचं संपादन म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसतं. कागद वाळवीनं खाल्लेला, कारकुनाचं वळण पळतं, शब्द तोडायचे कुठे हे लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही. मितीच्या जागी 'छ' दिसतो. तो चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याची तारीख. सन बहुधा सुहूर. त्यावरून शक आणि इसवी सन बसवायचा, एका दिवसाची चूक झाली तरी लढाईआधीचं पत्र लढाईनंतर जाऊन पडतं. एवढं करून संपादकाचं नाव मुखपृष्ठावर उरतं, आत मात्र तो कुठेच नसतो. पुढे दुसराच कुणीतरी येऊन त्या कागदांवर ग्रंथ लिहितो. इथेही तसंच झालं. ताराबाईंचं साधार चरित्र लिहिलं ते डॉ. जयसिंगराव पवारांनी.

आणि आप्पासाहेबांनी विषय कोणता निवडला होता? राजाराम महाराजांच्या मागे १७००पासून सात वर्षं औरंगजेबाशी राज्य लढवणारी राणी, कोल्हापूरच्या गादीची संस्थापक. शाहू महाराज सुटून आल्यावर तिचा पक्ष हरला आणि हरलेल्या पक्षाचा इतिहास जिंकलेल्याच्या दप्तरातून लिहिला जातो. तिची बाजू मांडायची तर आधी तिचे कागद हवेत. आप्पासाहेबांनी तिची वकिली केली नाही, कागद छापले.

इथे माझं जुनं मत ढासळलं. दुसऱ्यानं लिहावं म्हणून कागद लावून ठेवणारा माणूस आणि दुसऱ्यानं शिकावं म्हणून विद्यापीठ उभं करणारा माणूस, हे दोन वेगळे स्वभाव नाहीत. मी ज्याला इतिहास सोडणं म्हणत होतो, ते त्यांच्या लेखी इतिहासाच्या कामातच मोडत असावं.

विद्यापीठाचं उद्घाटन झालं १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते. त्याच दिवशी लडाखमध्ये रेझांग लाची लढाई झाली. देश चीनशी लढत असताना कोल्हापूरच्या माळावर विद्यापीठाचा नारळ फुटत होता. सुरुवातीला ३४ महाविद्यालयं, सुमारे १४,००० विद्यार्थी आणि ५ पदव्युत्तर विभाग. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचा अखंड रत्नागिरी जिल्हा. तोवर एम.ए. करायचं तर पुण्या-मुंबईचं पाणी प्यावं लागे आणि ते सगळ्यांच्या खिशाला झेपत नसे.

या कामाची आवड आप्पासाहेबांना कुठून लागली असेल, याचा विचार आता जास्त करतो. ते राजाराम कॉलेजात डॉ. बाळकृष्णांचे विद्यार्थी. बाळकृष्ण मूळचे मुलतानचे, आर्यसमाजी, १९२२मध्ये इथे प्राचार्य म्हणून आले. डच आणि इंग्रज कागद धुंडाळून त्यांनी चार खंडांचं इंग्रजी शिवचरित्र लिहिलं आणि कोल्हापुरात शिवाजी महाराजांच्या नावानं विद्यापीठ व्हावं हेही तेच बोलत होते. १९४०मध्ये ते गेले. गुरूच्या एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात विद्यापीठाचं स्वप्न, तर शिष्यानं त्यातलं एकच घ्यावं असा माझा हट्ट का होता, कोण जाणे! शिवाय गाव कुठलं? राजर्षी शाहू महाराजांनी १९०१पासून जातीजातींची वसतिगृहं उभी केली ते. इथल्याच बोर्डिंगात राहिलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे रयत शिक्षण संस्था काढली. विद्यापीठात काम करून शिकणाऱ्या मुलांचं विद्यार्थी भवन आज आप्पासाहेबांच्या नावानं ओळखलं जातं, ते त्याच धाग्यातलं.

त्यांच्यामागून कुलगुरू झालेले बॅरिस्टर पी. जी. पाटील तर कर्मवीरांच्याच हाताखाली वाढलेले. त्यांनी महात्मा फुल्यांचं लेखन इंग्रजीत नेलं, राज्य शासनानं ते १९९१मध्ये छापलं. पुन्हा तेच, दुसऱ्याचा शब्द लोकांपुढे ठेवणं. माझा सिद्धांत पहिल्या दोन कुलगुरूंवरच अडखळतो, तर पुढच्यांचं काय बोलू?

माझा एक जुना सहकारी म्हणतो, तू म्हातारपणी मवाळ झालास. असेन. पण सगळ्याच खुर्च्यांना मी माफी दिलेली नाही. विषय सोडून फक्त सत्कार घेत फिरणारे मीही पाहिलेत, आणि मूल्यांकन समितीच्या फायली रंगवण्यात ज्यांची उमेद सरली त्यांची मला कीवच येते. आप्पासाहेबांचा तो मोठा ग्रंथ नसल्याची हळहळही गेलेली नाही. ताराबाईंवर त्यांच्या हातचं सलग विवेचन वाचायला मिळालं असतं तर मी आजही हे सगळे खंड बाजूला सारून आधी तेच वाचलं असतं. फक्त त्याचा दोष आता मी विद्यापीठाला देत नाही.