व्हॅनियलचे वाचक

मर्सिडीज लॅकीची ‘द लास्ट हेराल्ड-मेज’ ही तीन भागांची मालिका मी ज्यांना ज्यांना वाचायला दिली, त्यांच्यापैकी कुणीही परत देताना नुसतं ‘छान आहे’ म्हणालं नाही. कुणी भांडलं, कुणी रडून घेतलं. एका मैत्रिणीने तर पहिलाच भाग अर्ध्यात आणून दिला. ‘किती छळायचं एका पोराला!’ म्हणाली आणि पुढे त्या विषयावर बोलायलाही तयार नव्हती.

मला ही पुस्तकं कॉलेजात असताना फोर्टातल्या फूटपाथवर सापडली. जुन्या पुस्तकांच्या ढिगात मालिका सलग कधी हाती लागत नाही. पहिला भाग मिळाला, मग थेट तिसरा. दुसरा मिळेपर्यंत माझं लग्न होऊन गेलं होतं. त्यामुळे व्हॅनियलच्या उमेदीच्या वर्षांआधीच त्याचं मरण मी वाचलं. पुढे कळलं, की लॅकीनेही ते आधीच लिहून ठेवलं होतं. १९८७ साली आलेल्या तिच्या ‘अ‍ॅरोज ऑफ द क्वीन’मध्ये व्हॅनियल ही जुन्या काळची दंतकथा आहे आणि एक खेड्यातली मुलगी त्याच्या अखेरच्या लढाईची गोष्ट वाचत बसली आहे. त्याचं जगणं आणि त्याचं प्रेम नंतर, १९८९ आणि १९९० साली आलं.

व्हॅनियल हा सरदाराचा थोरला मुलगा. त्याला गाण्याचा नाद, बापाला हवा तलवारबहाद्दर. सरावात शस्त्रगुरू त्याचा हात मोडतो आणि बाप त्याची रवानगी राजधानीला, आत्याकडे करतो. तिथे तो आत्याच्या शिष्याच्या, टायलेंडलच्या प्रेमात पडतो. टायलेंडलच्या जुळ्या भावाचा खून होतो, तो सूडाने वेडापिसा होतो आणि शेवटी मनोऱ्यावरून स्वतःला झोकून देतो. हे सगळं पहिल्याच भागात. तिसऱ्या भागात व्हॅनियलवर डाकूंचा अत्याचार आहे. मी पुन्हा वाचते तेव्हा ती पानं गाळते. लेखिकेने ती लिहायला नको होती, असं माझं मत आहे. माझ्या मैत्रिणीची तक्रार तिथे शंभर टक्के खरी आहे.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं वेगळं होतं : लढाया कमी, अश्रू फार. त्याला मी रिचर्ड मॉर्गनचं २००८ सालचं ‘द स्टील रिमेन्स’ दिलं. त्याचा नायक रिंगिल हाही पुरुषांवर प्रेम करणारा, पण तोंडाने फटकळ आणि हाताने त्याहून कठोर. तलवारी सहकाऱ्याला आवडल्या, शय्येवरचे प्रसंग सोसवले नाहीत. रक्ताचे पाट वाहिलेले चालतात आणि दोन पुरुषांची जवळीक चालत नाही, हे मला तेव्हाही समजलं नाही, आजही समजत नाही.

माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगला होता तेव्हा त्याने पहिला भाग नेला आणि कितीतरी दिवस परत दिला नाही. आणून दिला तेव्हा मधलीच काही पानं हाताळून मऊ पडली होती. टायलेंडल गेल्यावर व्हॅनियललाही जगायचं नसतं. आत्या त्याला दूरच्या एका दरीत घेऊन जाते. बाहेर बर्फ, आत ऊब, गरम पाण्याचे झरे, झाडांवर बांधलेली घरं. तिथे मूनडान्स आणि स्टारविंड हे दोघे पुरुष कितीतरी वर्षं एकत्र राहत असतात, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. ते व्हॅनियलला हळूहळू माणसांत आणतात. भाऊ म्हणाला, ‘ताई, मला तोवर वाटायचं, आमच्यासारखी माणसं एक तर लपतात, नाहीतर मरतात. हे दोघे म्हातारे होणार आहेत गं.’ त्याने मला स्वतःबद्दल सांगितलं ते असं.

त्याच्या वाटण्यात चूक नव्हती. आपल्याकडे तेंडुलकरांनी १९८१ सालीच ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणली, पण तिची नायिका, बाईवर प्रेम करणारी मित्राही अखेर जीव देते. २०१३च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा कायम केलं, त्या आठवड्यात भावाने तोच भाग परत मागून नेला. ६ सप्टेंबर २०१८ला निकाल बाजूने लागला तेव्हा फोनवर आम्ही दोघंही धड बोलू शकलो नाही.

आता माझी भाची त्याच्याशी वाद घालते. ती मोशियांग थोंगश्यूच्या ‘मो दाओ झू शी’वर वाढलेली. ती कादंबरी नायकाच्या मरणापासूनच सुरू होते. तेरा वर्षांनी तो परततो आणि त्याच्यावर जीव असलेला माणूस तेव्हाही त्याचाच असतो. २०१९च्या ‘द अनटेम्ड’ या मालिकेत चिनी सेन्सॉरमुळे ते प्रेम दोस्तीच्या आड ठेवावं लागलं, तरी बघणाऱ्यांना समजायचं ते समजलं. भाची विचारते, ‘तुमच्या व्हॅनियलला का नाही परत आणलं?’ मी म्हणते, तो प्रेम केलं म्हणून मरत नाही. उत्तरेच्या खिंडीत एकटा उभा राहून शत्रूचं सैन्य अडवताना मरतो, आणि पुढे आयुष्य सरल्यावर त्याचा नंतरचा जोडीदार स्टेफनही तिथल्या रानात त्याच्यापाशी येतो. ‘म्हणजे भुतं झाली,’ ती म्हणते, ‘संसार कुठे झाला?’ याला माझ्याकडे उत्तर नाही. भाऊ मात्र अडून बसतो : त्या काळात असा माणूस अख्ख्या राज्याचा नायक होता, हेच त्याला जगायला पुरलं होतं.

हा वाद गेल्या दिवाळीत मामांच्या कानावर पडला. भावाच्या बाबतीत मामा बरीच वर्षं गप्प राहिलेले. इंग्रजी ते वाचत नाहीत, म्हणून मला म्हणाले, ‘गोष्ट काय आहे ती सांग.’ मी पहिल्या भागापासून मराठीत सांगायला बसले. हात मोडल्याचं आलं, आत्याकडे धाडल्याचं आलं, तिथे त्यांनी मला थांबवलं.

‘त्याचा बाप सुधारतो का पुढे?’

‘सुधारतो मामा. सगळं पटत नाही त्याला, पण मुलाला पुन्हा आपलं म्हणतो. तिसऱ्या भागापर्यंत वेळ लागतो मात्र.’

‘लागणारच,’ मामा म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढून घेतली आणि आत्याकडे पुढे काय झालं ते विचारलं.