मेलेले जंतू आणि जिवंत पोट

"पोट साफ झालं का?" हा प्रश्न आपल्याकडे कोणीही कोणालाही विचारू शकतं. अगदी चहा पिता पिता सुद्धा. इथे कॅनडात तसं नाही. हवामान, हॉकी, घरांच्या किमती यांवर लोक तासभर बोलतील, पण पोटाचं नाव काढलं की एकदम स्वतःच्या बुटांकडे बघायला लागतात. त्यामुळे माझं दुखणं ऑफिसात आजवर एकालाही माहीत नाही. तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही आपले!

तर मंडळी, मला आयबीएस आहे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे चिडकं आतडं. २०१९ साली पोटाचा जोरदार संसर्ग झाला. आठवड्यात ताप उतरला, जुलाब थांबले, पण पोटातली कळ मुक्कामाला राहिली. कधी जुलाब, कधी फुगलेलं पोट, आणि कुठेही निघायचं तर वाटेत टॉयलेट कुठे कुठे आहे याचा नकाशा आधी डोक्यात. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली. सगळं नॉर्मल! रिपोर्ट नॉर्मल आला की नातेवाईक खूश, आपण मात्र जिथल्या तिथे. मग फोनवरून निदान होतं, "टेन्शन घेऊ नकोस रे." या वाक्याने मी जितका चिडतो तितकं माझं आतडंही चिडत नसेल.

आता जरा माझ्या धंद्याविषयी. मी पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांची डिझाइनं करतो. या धंद्यात ऑन्टारिओत वॉकरटन हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. टोरांटोच्या वायव्येला दोन-अडीच तासांवर पाच हजार वस्तीचं हे गाव. मे २००० मध्ये तिथे धो धो पाऊस पडला, शेतातलं शेण एका उथळ विहिरीत उतरलं, आणि पाण्यात क्लोरीन पुरेसं नव्हतं. ई. कोलाय आणि कॅम्पायलोबॅक्टर हे दोन जंतू नळातून घरोघर गेले. सुमारे २३०० लोक आजारी पडले, ७ जण गेले.

हा भाग आम्ही इंजिनिअर लोक पाठ म्हणतो. पुढचा भाग मला स्वतः आजारी पडल्यावर कळला. मॅकमास्टर विद्यापीठाच्या डॉक्टरांनी त्या गावकऱ्यांचा पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. तेव्हा जे आजारी पडलेच नव्हते त्यांच्यात आयबीएस शंभरात १० जणांना. ज्यांच्या आजाराचे ठोस पुरावे होते त्यांच्यात शंभरात ३६! बातम्या दोघांनी त्याच वाचल्या, भीतीही दोघांना तीच होती. फरक होता तो आतड्यातून काय गेलं याचा.

असं काय बिघडतं आतड्यात? आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा फक्त एक थर. २०१४ च्या एका मोजणीनुसार आपल्या पचनमार्गाचं सगळं अस्तर पसरलं तर साधारण अर्धं बॅडमिंटन कोर्ट भरेल. इतक्या मोठ्या क्षेत्रावर एका पेशीच्या जाडीची भिंत! तीही दर काही दिवसांनी नव्याने बांधली जाते. दोन पेशींमधली फट बुजवणारी प्रथिनं असतात. त्यातल्या एका कुटुंबाचं नाव क्लॉडिन, १९९८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेलं. पाइपच्या जोडातलं गॅस्केट समजा. ते ढिलं पडलं की नको ते आत झिरपतं, आतल्या संरक्षक पेशी खवळतात आणि तिथल्या नसा साध्या वायूलाही कळ म्हणून दाद देतात.

ही गळती मोजताही येते. लॅक्ट्युलोज आणि मॅनिटॉल या दोन शर्करा प्यायला द्यायच्या आणि लघवीत किती उतरल्या ते पाहायचं. लॅक्ट्युलोजचा रेणू मोठा, तो जास्त उतरला तर भिंतीला फटी. वॉकरटनच्या आयबीएसवाल्यांत अशी गळती इतरांपेक्षा जास्त आढळली. सगळ्यांमध्ये नाही, हे महत्त्वाचं.

आणि टेन्शन? बेल्जियममध्ये लूव्हनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की धडधाकट माणसांना चारचौघांत भाषण करायला लावलं, तर ज्यांचं ताणाचं संप्रेरक वाढलं त्यांच्या लहान आतड्याची गळतीही वाढली. म्हणजे नातेवाईक अगदीच चूक नव्हते. पण टेन्शन मनात राहत नाही, ते गॅस्केटपर्यंत पोचतं.

आता शीर्षकातले मेलेले जंतू. प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवंत जंतू, हे आता जाहिरातींमुळे पोरांनाही माहीत आहे. पोस्टबायोटिक म्हणजे मारलेले जंतू किंवा त्यांचे तुकडे, ज्यांनी तब्येतीला फायदा होतो. ही व्याख्या शास्त्रज्ञांच्या गटाने २०२१ मध्ये पक्की केली. मेलेला जंतू काय कामाचा? तर उष्णतेने तो मेला तरी त्याची साल शिल्लक राहते, आणि आतड्याच्या पेशी ती ओळखतात. शिवाय फ्रिज लागत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात हे छोटं काम नव्हे.

जर्मनीत ४४३ रुग्णांवर याची चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये लॅन्सेटच्या पोटविकारांच्या अंकात आला. बिफिडोबॅक्टेरियम बिफिडमची एक जात, उष्णतेने मारलेली, आठ आठवडे. ठरवलेल्या निकषावर आराम पडला ३४ टक्क्यांना. नुसत्या खोट्या गोळीने १९ टक्क्यांना. म्हणजे साधारण सात जणांनी घ्यावं तेव्हा एकाला त्या जंतूमुळे म्हणून गुण. चमत्कार नाही, पण शून्यही नाही. आणि त्यात मोजली ती लक्षणं. गॅस्केट खरंच घट्ट झालं का, हा पुरावा बराचसा प्रयोगशाळेतल्या पेशींवरचा आहे.

मीही आठ आठवडे घेतलं. सवयीप्रमाणे एक्सेल शीट ठेवली. आठवड्यातले कळीचे दिवस चारावरून दोनावर आले. पण मी त्या १९ मधला की वरच्या १५ मधला, हे कुठल्याच एक्सेलला सांगता येणार नाही. पोटाला त्याची फिकीर नाही.

"मग कढीत पण मेलेले जंतूच की!" असं बायको म्हणाली. खरंय. पण कुठली जात, किती, आणि कोणावर तपासली हे माहीत असल्याशिवाय व्याख्येत बसत नाही. कढी चवीसाठी प्यावी. तसंच 'लीकी गट बरं करतो' असं छापलेला डबा दिसला की हेच तीन प्रश्न विचारावेत.

एक मात्र ध्यानात ठेवा. शौचात रक्त, घटणारं वजन, ताप, अॅनिमिया, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल तर आधी डॉक्टर. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असाच आव आणतो.

आणि तुमच्या घरात कोणी असं असेल, लग्नाच्या पंगतीतून मधेच उठणारं, एसटीचा प्रवास टाळणारं, तर त्याचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून तो नाटक करतोय असं समजू नका. एका पेशीची भिंत आहे, दुर्बिणीतून फटी दिसत नाहीत.