नवा संगणक, जुनी प्रणाली

नवी वस्तू जुनीपेक्षा सरस असणार, असे आपण सहसा गृहीत धरतो. संगणकाच्या बाबतीत हे गृहीतक तपासून घ्यावे लागते, याचा प्रत्यय २०१३ च्या दिवाळीनंतर आमच्या सांगलीच्या पेढीवर आला. अनेक व्यापारी बंधूंपुढे आजही असाच प्रसंग उभा राहतो, म्हणून तो अनुभव येथे मांडतो.

आमचे थोरले बंधू अण्णा हळद आणि बेदाण्याची अडत पाहतात. पेढीचा हिशेब १९९६ पासून एका स्थानिक जाणकाराने फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेल्या डॉसवरील प्रोग्रॅमवर चालत असे. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, अडत, खरेदीदाराची उधारी, सारे त्यात बसवलेले होते. आमचे दिवाणजी कळफलकाकडे न पाहता सौदा संपता संपता पट्ट्या छापून देत. शेतकऱ्याला गावी जाणारी एस.टी. गाठायची असते, पट्टी वेळेवर मिळणे म्हणजे पेढीची पत.

जुना संगणक थकला, तेव्हा पुतण्याने नवा आणला. त्यात विंडोज ८ होती. ही आवृत्ती २६ ऑक्टोबर २०१२ रोजी बाजारात आली होती. तिच्यात नेहमीचे स्टार्ट बटण नव्हते, त्याऐवजी रंगीत चौकोनांचा पडदा होता. ते अंगवळणी पडले असते. खरी अडचण निराळी होती. नव्या संगणकातील प्रणाली ६४ बिटांची होती आणि विंडोजच्या ६४ बिटांच्या कोणत्याही आवृत्तीत डॉसचे १६ बिटांचे प्रोग्रॅम चालविण्याची सोयच नसते. त्यामुळे पेढीचा प्रोग्रॅम उघडेना.

पुतण्याचे म्हणणे होते, "काका, या निमित्ताने नवीन सॉफ्टवेअरच घेऊ. जुना प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ आता गावात नाहीत; उद्या तो बिघडला तर कोण दुरुस्त करणार?" त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. दिवाणजी मात्र हळूच म्हणाले, "साहेब, मी शिकेन. पण हंगामात नको." हळदीची आवक तोंडावर आली होती. एखाद्या शेतकऱ्याची पट्टी चुकली, तर वर्षानुवर्षांचा विश्वास डळमळला असता. आणि तो दोष दिवाणजींच्या माथी बसला असता, हे सर्वांना ठाऊक होते. अण्णांनी निर्णय माझ्यावर सोपवला. मी ठरवले, की यंत्र नवे राहू द्यावे आणि प्रणाली जुनी घालावी : विंडोज ७, तीही ३२ बिटांची.

विक्रेत्याने सहज सुचवले, "नकली प्रत टाकून देतो, कोण पाहतंय?" अचौर्याचे व्रत मानणाऱ्या घराने हे ऐकूनही घेऊ नये. शिवाय त्याची गरजच नव्हती. आमच्या संगणकावर विंडोज ८ ची प्रो आवृत्ती होती आणि तिच्या परवान्यातच विंडोज ७ प्रोफेशनल वापरण्याचा हक्क दिलेला होता. साध्या विंडोज ८ ला तो नव्हता. कर्जाच्या दस्तऐवजातील बारीक अक्षरे वाचण्याची बँकेतील सवय येथे कामी आली. अस्सल तबकडी परिचितांकडून मिळवली आणि दूरध्वनीवरून रीतसर नोंदणी केली.

प्रत्यक्ष काम पुतण्याने एका रविवारी केले. प्रथम पेढीच्या साऱ्या फायलींच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्या. मूळ विंडोज ८ परत घालता यावी म्हणून तिच्या तबकड्या करून घेतल्या. विंडोज ७ साठी लागणारे ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवले. कारण नेटवर्कचा ड्रायव्हर नसला, तर बाकीचे उतरवायला इंटरनेटच मिळत नाही. मग संगणकाच्या मूळ मांडणीत जाऊन 'सिक्युअर बूट' बंद केले आणि जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय चालू केली. हार्ड डिस्कची विभागणीही नव्या पद्धतीची असल्याने ती पुसून पुन्हा करावी लागली. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नसतो, म्हणून कळफलक आणि माउस जुन्या यूएसबी जोडणीत लावले. ३२ बिटांच्या प्रणालीला ४ जीबीपेक्षा अधिक स्मृती वापरता येत नाही, हा तोटा पत्करला. पेढीच्या हिशेबाला तेवढी पुष्कळ होती.

सोमवारी दिवाणजींनी काळा पडदा पाहिला आणि काही न बोलता पहिली पट्टी छापली. हंगाम निर्विघ्न पार पडला.

मात्र जुन्याकडे परतणे म्हणजे कर्जाला मिळालेली मुदतवाढ असते, कर्जमाफी नव्हे. सुरक्षा दुरुस्त्या येत राहतील, तोवरच जुनी प्रणाली सुरक्षित. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. त्याला बळी पडलेल्यांत विंडोज ७ चे संगणक बहुसंख्य होते. परंतु त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती आणि ती बसवलेले संगणक वाचले. आमचा त्यांतच होता. बँकांच्या एटीएममध्येही मुदत संपलेली विंडोज एक्सपी वर्षानुवर्षे चालू राहिली होती. अखेर रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये आदेश काढून जून २०१९ पर्यंत ती बदलण्यास सांगितले.

मिळालेली मुदत आम्ही वाया घालवली नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होणार हे दिसू लागताच, नवे सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावर घेतले. फॉक्सप्रोच्या फायली एक्सेलमध्ये उघडतात. त्यातून खात्यांच्या बाक्या उतरवून घेतल्या. तीन महिने दोन्ही हिशेब समांतर चालवले. महिनाअखेर दोन्हीकडची तेरीज जुळली, की दिवाणजी स्वतः त्यावर सही करीत. तिसऱ्या महिन्याची तेरीज पैशापर्यंत जुळल्यावर त्यांनीच सांगितले, "आता जुने बंद करा." विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली, त्याच्या कितीतरी आधी पेढी नव्या घडीवर आली होती.

म्हणून माझे सांगणे इतकेच : जुने ठेवायचे असेल तर परवाना पाहून ठेवावे, फायलींच्या प्रती काढून ठेवावे आणि त्याच दिवशी मुदत संपण्याची तारीख रोजमेळाच्या पहिल्या पानावर लिहावी. ठेवीची मुदत आपण विसरत नाही, तशीच हीही विसरू नये.