नळातला समुद्र

मुंबईत राहून घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अहो, एवढा समुद्र पसरलाय, दोन पिंपं भरून आणा की!" विचारणाऱ्याने दादरच्या चौपाटीवर भरतीचं पाणी ओंजळीत घेऊन पाहिलेलं नसतं. शहराचं सांडपाणी, खाडीचा गाळ, पावसाळ्यात नाल्यांनी पातळ केलेला खारेपणा, सगळंच त्या पिंपातून घरी येईल. म्हणून हा छंद जडलेला माणूस समुद्राकडे पाठ फिरवतो आणि नळाकडे वळतो. नळाच्या पाण्यातलं होतं नव्हतं ते काढून टाकायचं आणि मग मत्स्यालयासाठी मिळणारं खास मीठ लिटरला साधारण 35 ग्रॅम या मापाने विरघळवायचं. 200 लिटरच्या टाकीला 7 किलो मीठ. रांगोळीआधी अंगण सारवून घ्यावं, तसं हे पाणी आधी कोरं करून घ्यावं लागतं.

हे कोरं करणारं यंत्र म्हणजे पडद्यातून पाणी दाबून काढणारं आरओ, आणि त्याच्या शेपटाला जोडलेलं, उरलेसुरले क्षार रेझिनने पकडणारं डीआय. गंमत अशी की आरओचा पडदा जन्माला आला तो नेमक्या उलट्या कामासाठी. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी हा पडदा घडवला, तो खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करता यावं म्हणून. 1965 साली कॅलिफोर्नियातल्याच कोआलिंगा गावात याच पडद्याने खारट भूजल गोडं करून प्यायला देणारा प्रकल्प उभा राहिला. आणि आपण? तानसा-भातसाचं गोडं पाणी त्याच पडद्यातून दाबून काढतो आणि वर त्यात मीठ घालतो. सौरीराजन यांनी हे पाहिलं असतं तर ते हसले असते की कपाळाला हात लावला असता, कोण जाणे.

"स्वयंपाकघरात आरओ आहेच, त्याचंच ओता," असं घरचे म्हणतात. तिथेच ठामपणे नाही म्हणावं लागतं. पिण्याच्या पाण्याचं यंत्र चव राखायला बनवलेलं असतं. त्यात टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) अॅडजस्टरचा एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की थोडं न गाळलेलं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतं. पुढे मिनरलचं कार्ट्रिज असतं, ते काढून टाकलेलं पुन्हा घालतं. हल्ली तर तांब्याची फॅशन आली आहे. तांब्याच्या कळशीतलं पाणी आपल्याला मानवतं, पण टाकीतल्या कोळंबीला आणि गोगलगायींना तांब्याचा अंशही जिवावर बेततो. क्लाऊनफिश एक वेळ ते सोसेल. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं औषध म्हणूनच वापरतात. (प्रवाळाच्या नादी मात्र लागू नये. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, ते समुद्रातून खुडून आणणं गुन्हा आहे. क्लाऊनफिशची पैदास केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने बंदिस्त टाक्यांत करून दाखवली आहे, तेव्हा मासाही तसाच पैदास केलेला मागून घ्यावा.)

मुंबईच्या नळाचा टीडीएस बहुधा लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आत असतो. माणसाला हे पाणी उत्तम. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तर 500 च्या आतल्या पाण्याला आरओ लावू नये अशीच भूमिका घेतली. मग माशाचेच एवढे लाड का? कारण टाकीतलं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. आपण रोज वर गोडं पाणी घालतो. समजा 60 टीडीएसचं 2 लिटर पाणी रोज घातलं, तर वर्षाला जवळजवळ 44 ग्रॅम काहीबाही टाकीत साचतं. त्यात नायट्रेट असेल, फॉस्फेट असेल. शेवाळाला आणखी काय हवं?

आणि त्यात सिलिका असते. मला या सगळ्या प्रकरणात तिचंच सगळ्यात अप्रूप वाटतं. मुंबईची धरणं भरतात ती सह्याद्रीच्या पावसावर. तो पाऊस काळ्या बेसाल्टवरून, त्याच्या झिजलेल्या मातीतून पाझरत येतो आणि दगडातली सिलिका विरघळवून सोबत आणतो. तीच नळातून आपल्या टाकीत उतरते. मग नव्या टाकीच्या काचेवर, वाळूवर तपकिरी साय धरते. बोटाने पुसली तर भुकटीसारखी सुटते. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर तिच्यात डबीसारख्या, होडीसारख्या काचेच्या नक्षीदार पेट्या दिसतात. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ. त्यांची कवचं सिलिकाचीच. या धरणांच्या शहापूर तालुक्यातल्या डोंगरातला दगड अंधेरीच्या दिवाणखान्यात येऊन असा काचेची नक्षी घालतो, हे सुंदर आहे खरं, पण टाकीवाल्याला ते परवडत नाही. डीआयचं रेझिन थकत आलं की पकडलेली सिलिका आधी निसटते. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि सिलिका जवळजवळ वीज वाहत नाही, त्यामुळे मीटर शून्यच दाखवत राहतो. म्हणून रंग बदलणारं रेझिन घ्यावं आणि पारदर्शक हाउसिंगमध्ये घ्यावं, म्हणजे डोळ्यांना कळतं.

यंत्राचं बाकी पोट साधं आहे: गाळ अडवायला स्पन, क्लोरीन मारायला कार्बन (क्लोरीन पडद्याला खातो), मग मेम्ब्रेन म्हणजे तो पडदा, मग डीआय. सात स्टेज, नऊ स्टेज ही दुकानदाराची आरती. यूव्हीच्या दिव्याने टीडीएस तसूभरही हलत नाही. त्यापेक्षा प्रेशर विचारा. मेम्ब्रेनवर लिहिलेले 75 गॅलन, म्हणजे दिवसाला सुमारे 284 लिटर, हे पुरेसा दाब असला तरच. आपल्या इमारतींत पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं आणि 10 मीटर उंचीला जेमतेम एक किलो प्रेशर मिळतं. वरच्या मजल्यावर तेवढंही नाही. तेव्हा बूस्टर पंप हवाच. बोअरवेल किंवा टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत मात्र हिशेब बदलतो. तिथे टीडीएस हजारावर असेल, तर मेम्ब्रेनने 98 टक्के अडवूनही 20 उरतात आणि रेझिन बघता बघता संपतं.

राहता राहिलं रिजेक्ट पाणी. एक लिटर कोऱ्या पाण्यामागे तीनेक लिटर मोरीत जातं. ज्या शहापूर तालुक्यातल्या धरणांतून ते येतं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो, हे ठाऊक असताना ते वाहू देणं मला पटत नाही. मुंबईचं रिजेक्ट फारसं खारट नसतं. लादी पुसायला, फ्लशला, कुंड्यांना खुशाल चालतं. त्यासाठी मोरीत पिंप ठेवायला जागा नसेल, तर हा छंद आपल्या घरासाठी नाही असं समजावं.

तेव्हा खरेदीला निघण्याआधी टीडीएस मीटर घ्या आणि आपल्या नळाचं पाणी मोजा. मग चार स्टेजचं, बूस्टर पंप असलेलं, कुठेही मिळणारी 10 इंची कार्ट्रिजं बसणारं यंत्र मागा. आणि दुकानदार पाण्याच्या गोडव्याविषयी बोलायला लागला, तर सरळ दुसरं दुकान गाठा.